लग्नाचा बार

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊनच बसा. विषय लग्नसराईचा आहे, पण गोड नाही.

आपल्यात म्हणायची पद्धत आहे, "या वैशाखात पोरीच्या लग्नाचा बार उडवून टाकू." पुण्या-साताऱ्याकडे हा नुसता वाक्प्रचार. आमच्या ग्वाल्हेरात, म्हणजे भिंड-मुरैन्याच्या उंबरठ्यावर, तो खराखुरा बार असतो. बारात दारात आली की दुनाळी वर होते, आणि मग "हर्ष फायर". दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कधी कधी एक लहानशी बातमी येते. चाळीस वर्षं इथल्या कोर्टात वकिली केली, त्यामुळे त्या बातमीच्या पुढचं-मागचं मला ठाऊक आहे. आणि एक प्रकरण असं आहे, जे कोर्टात आलंच नाही. ते आमच्या घरचं. पण ते सांगण्याआधी थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय आमची चूक नीट कळायची नाही.

लष्कर हे आमच्या गावाचं नावच मुळी फौजेचं. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला, तो तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. आजही आम्ही पत्ते सांगतो ते छावणीचेच: कंपू, जिन्सी, शिंदे की छावणी. इंदूरकरांचाही तोफखाना आणि जिन्सी आहे, बडोदेकरांकडे तर सोन्याचांदीच्या तोफा. म्हणजे आपण सगळे जिथे जिथे येऊन वसलो, ते पुष्कळदा बंदुकीच्या पाठोपाठ. कारकून, पुराणिक, आचारी, वैद्य, सगळे फौजेच्या मागे आले. माझे पूर्वज दप्तरात लिहिणारे. लढलं कुणी नाही, पण दसऱ्याला शस्त्रपूजा मात्र कडक. मांढऱ्यांच्या देवीला जाऊन शमी आणायची, आणि पाटावर लेखणीच्या शेजारी आजोबांची बारा बोरची दुनाळी ठेवायची.

आता कायद्याकडे या. राज्यकर्त्यांनी आधी विचारलं ते "बंदूक कुणाकडे?" "कुठे उडवली?" हे फार उशिरा विचारलं. महाराजपूर आणि पनिहारच्या लढाया २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी झाल्या, शिंद्यांची फौज हरली. जानेवारी १८४४ च्या तहात इंग्रजांनी मोजून लिहून घेतलं की फौज नऊ हजारांच्या वर नको, त्यात पायदळ तीन हजार, आणि तोफा एकूण बत्तीस. पुढे इंग्रजांच्या मानपानात शिंद्यांना एकवीस तोफांची सलामी होती. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, काश्मीर आणि ग्वाल्हेर, एवढीच पाच संस्थानं त्या मानाची. म्हणजे खरी तोफ मोजून कमी करायची आणि रिकाम्या दारूचा आवाज मोजून द्यायचा! आवाज म्हणजे इज्जत, हे आमच्या हाडात मुरलं ते तिथपासून, असं माझं आपलं मत.

ब्रिटिश हद्दीत १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने हत्यार बाळगायचं नाही, युरोपियनांना मात्र सूट. हा अपमान लोकांना इतका लागला की १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसमध्ये त्याबद्दल ठराव झाला, आणि १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने ही एक होती. गांधीजींनी! त्यामुळे "लायसन" हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीला कागद वाटत नसे, पदवी वाटे.

स्वराज्य आल्यावर १९५९ चा आर्म्स अॅक्ट झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू. युरोपियनांची सूट गेली, पण सांगाडा तोच: कोण बाळगू शकतो, किती, कुठल्या जातीचं हत्यार. लग्नाच्या मांडवात उडवलं तर काय, याला त्यात वेगळं कलमच नव्हतं. ते शोधायचं तर १८६० च्या दंडविधानात जावं लागे. कलम ३३६: बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर तीन महिने कैद किंवा दंड, आणि दंड किती, तर जास्तीत जास्त अडीचशे रुपये. १८६० साली अडीचशे म्हणजे मोठी रक्कम. आमच्या काळी लग्नातल्या बँडची बिदागी त्याहून जास्त होती, आणि आकडा तोच राहिला.

"कुठे" हा प्रश्न विचारणारे कायदे होते, पण ते कडेकडेचे. छावणीच्या हद्दीत, आमच्याकडे मुरारला, जाणाऱ्या-येणाऱ्याला किंवा शेजाऱ्याला धोका होईल अशा रीतीने बंदूक उडवणं गुन्हा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, तेव्हापासून अभयारण्यात उडवणं सोडाच, लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायचंही नाही. शिवपुरीचं रान, जिथे पूर्वी राजेलोकांच्या शिकारी चालत, तेही राष्ट्रीय उद्यान होऊन हातचं गेलं. निवडणुका आल्या की कलेक्टरचा आदेश निघतो आणि बंदुका ठाण्यात जमा. म्हणजे बघा, गोऱ्या सोल्जरच्या शेजाऱ्याला संरक्षण होतं, चितळाला होतं, मतदाराला होतं. लग्नात डोक्यावर गॅसबत्ती घेऊन उभ्या असलेल्या पोराला काय होतं, तर अडीचशे रुपयांचं एक कलम.

त्या पोराकडेच येतोय.

आमच्या आजोबांचा बंदुकीबद्दल एक नेम होता. "घरात पुजायची, माळावर उडवायची. मधल्या वाटेवर ती आंधळी असते." वस्तीत त्यांनी कधी एक काडतूस उडवलं नाही. जानेवारी १९४८ नंतर तर ते फारच जपून असत. गांधीजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते ग्वाल्हेरातून गेलं होतं, हे सगळ्या जगाला कळलं, आणि लष्करातली मराठी घरं काही दिवस दारं लावून बसली होती. आजी सांगायची, त्या दिवसांपासून दुनाळी दिवाणखान्याच्या खुंटीवरून निघून आतल्या कपाटात गेली, आणि किल्ली आजीच्या कनवटीला.

आजोबा १९७५ च्या थंडीत गेले. तेराव्याला सगळं ठरलं: घर, भांडी, पोथ्या. बंदुकीचं कुणी बोललंच नाही. ती कपाटात तशीच.

मे १९७८. ताईचं लग्न. मुलगा इंदूरचा, माणसं चांगली. सीमांतपूजनाची रात्र. इंदूरची मंडळी जानवशाहून मिरवणुकीने येणार होती. आता सीमांतपूजनाला बंदूक कशाला? आपल्या शास्त्रात कुठेच नाही. पण आमच्या काकांचा धंद्यामुळे भिंडकडच्या लोकांशी उठणं-बसणं होतं, त्यांचे दोन-तीन मित्र आलेले. त्यातला एक म्हणाला, "पंडितजी, इतनी सूनी बारात? बिटिया की शादी है कि तेरहवीं?" काकांना ते लागलं. त्यांनी मला हाक मारली. मी एकवीस वर्षांचा, लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला.

"आजीकडून किल्ली आण. आणि काडतुसं दोन."

आजी म्हणाली, "यांना चाललं नसतं रे." मी म्हणालो, "अगं आजी, एकच बार." किल्ली मी घेतली. काडतुसं मी काढली. बारीक छर्ऱ्यांची होती, तितरांसाठी ठेवलेली. हे सगळं माझ्या हातांनी झालं, आणि ते लिहायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली.

मिरवणूक वाड्याच्या दाराशी आली. काकांच्या मित्राने पहिली नळी आकाशात रिकामी केली. कबुतरं उडाली, पोरं ओरडली, इंदूरची मंडळी दचकली आणि मग हसली. दुसरी नळी उडायच्या आत कुणीतरी नवरदेवाला हार घालायला पुढे घुसलं, धक्का लागला, नळी खाली आली आणि बार निघाला. बहुतेक छर्रे समोरच्या चबुतऱ्यावर. पण एक गॅसबत्ती फुटली, आणि बत्ती डोक्यावर घेतलेला पोरगा खाली बसला. तेरा-चौदाचा असेल. ओरडलासुद्धा नाही. फक्त उजव्या डोळ्यावर हात ठेवून बसला.

बँड थांबला नाही. पुढच्यांना काही कळलंच नव्हतं.

मी आणि काकांचा नोकर, आम्ही दोघांनी त्याला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. निघताना काकांनी माझ्या कानात सांगितलं, "फटाका लागला म्हणायचं." मी तसंच म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं. मी परत आलो तेव्हा पंगती उठत होत्या. दुसऱ्या दिवशी लग्न झालं. ताई हसत होती. तिला सांगितलं गेलं की एका बत्तीवाल्याला चक्कर आली.

डोळा गेला. तिसऱ्या दिवशी बँडवाल्यांचा मालक आला, काकांनी त्याच्या हातात पाचशे रुपये ठेवले, तो नमस्कार करून गेला. पोलीस आले नाहीत. कुणी बोलावलंच नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर कॉलेजात दंडविधान शिकवायला लागले. कलम ३२०, "जबर दुखापत" म्हणजे काय त्याची यादी. त्यातला दुसराच प्रकार: कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं. सर पुढे वाचत होते, मी तिथेच अडकलो. बेदरकारपणे जबर दुखापत, कलम ३३८, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे अडीचशे रुपयांचं कलम नव्हतंच ते.

आणि मग आर्म्स अॅक्ट वाचताना दुसरी गोष्ट कळली, ती जास्त बोचली. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. आजोबा गेले त्या दिवसापासून ती बंदूक आमच्या घरात बेकायदेशीर होती. कलम २१ सांगतं की हत्यार बाळगण्याचा हक्क संपला की विनाकारण उशीर न करता ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा. आम्ही अडीच वर्षं ती पूजत होतो. "फटाका लागला म्हणायचं" हे काकांनी का सांगितलं, ते मला तेव्हा उमगलं. पोलीस आले असते तर त्यांचा पहिला प्रश्न पोराच्या डोळ्याचा नसताच. लायसन कुणाचं, हा असता. काकांनी पुढे दोन महिन्यांनी बंदूक रीतसर जमा केली, आणि घरात हा विषय बंद झाला.

मी वकील झालो. हर्ष फायरच्या केसेस माझ्याकडेही आल्या, खोटं कशाला बोलू, आरोपीच्या बाजूनेही उभा राहिलो. या केसेस कशा पडतात ते सांगतो. साक्षीदार कोण? पाहुणे. सगळे नात्यातले किंवा गावातले. आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, बंदूक कुणाच्या हातात होती ते कुणी बघितलेलं नसतं. काडतुसाची टोपणं सकाळी झाडणाऱ्याने झाडून टाकलेली. जखमी कोण? बहुतेक वेळा वाजंत्री, बत्तीवाला, वाढपी, गच्चीवर बघायला उभी राहिलेली शेजारची पोर. ज्याची बंदूक तो यांना उद्याही काम देणार असतो. मग तडजोड. आमच्या घरी झाली तशीच.

"पण वर उडवलं तर काय होतं?" हे मला किती जणांनी विचारलंय. वर गेलेलं खाली येतंच. हॅचर नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने पहिल्या महायुद्धानंतर यावर प्रयोग करून घेतले होते. सरळ वर झाडलेली रायफलची गोळी परत येताना सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगाने येते, असं त्याचं गणित. डोक्यावर बसली तर तेवढा वेग पुरे आहे. आणि लग्नात सरळ वर कुणी उडवत नाही. कनातीत, तारांखालून, गर्दीत, एका हाताने, तिरकी उडवतात.

कायद्याने शेवटी हा प्रश्न सरळ विचारला तो २०१६ आणि २०१९ मध्ये. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये आलं की सार्वजनिक ठिकाणी बंदूक मिरवायची नाही, उडवायची नाही, नुसती आवाजाचीही नाही; नेताना झाकून न्यायची. आणि डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५ मध्ये नववं पोटकलम घातलं. त्यात "हर्ष फायर" पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत आलं: सार्वजनिक मेळावे, धार्मिक स्थळं, लग्नाच्या मिरवणुका-मेजवान्या किंवा इतर समारंभ यांत बंदूक उडवणं. त्यातून दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाला लागलंच पाहिजे असं नाही, धोका पुरे. लॉन आमचं आहे, खाजगी आहे, हीही सबब चालत नाही, कारण लग्न हा शब्दच कायद्यात लिहिलाय. परवान्यावर आता तीनऐवजी दोनच हत्यारं. आणि कुणी मेलं तर? २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तराखंडातल्या एका लग्नातलं प्रकरण आलं होतं. छताकडे उडवली, मारायचा हेतू नव्हता, असं आरोपीचं म्हणणं. कोर्टाने खुनाचं कलम काढलं, पण नुसता निष्काळजीपणा म्हणून सोडलं नाही. सदोष मनुष्यवध धरला. गर्दीत भरलेली बंदूक उडवणाऱ्याला काय होऊ शकतं हे माहीत असतंच, हा त्याचा अर्थ.

म्हणजे १८६० ते २०१९, दीडशेच्या वर वर्षं. तोफा मोजून झाल्या, परवाने मोजून झाले, मग कुठे बत्तीवाल्याचा नंबर लागला.

आता शेवटचं. या फेब्रुवारीत ताईच्या नातीचं लग्न आमच्याकडे ग्वाल्हेरात झालं. मॅरेज गार्डनवाल्याने फॉर्म पुढे केला, त्यात लिहून द्यायचं होतं की फायर होणार नाही, झालं तर जबाबदारी आमची. मी सही करत होतो. काकांचा नातू शेजारी उभा, मुलगा गुणी आहे, म्हणाला, "आजोबा, ते सगळेच सही करतात. माझ्या मित्राकडे लायसनी रिव्हॉल्व्हर आहे. एकच बार. रील पुरता."

एकच बार. माझेच शब्द. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण मला पेन धरता येईना.

त्या रात्री मी सगळ्यांना बसवून सांगितलं. किल्ली, काडतुसं, टांगा, फटाका, पाचशे रुपये, सगळं. काका आता नाहीत, त्यांना दोष देऊन मोकळं व्हायचं नव्हतं. काडतुसं माझ्या हातातली होती, आणि खोटं माझ्या तोंडातलं. पोरगा गप्प झाला, मग फोन घेऊन बाहेर गेला आणि मित्राला सांगून आला की हत्यार घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस.

ताई बहात्तर वर्षांची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, "त्या मुलाचं नाव काय रे होतं?"

मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे तिच्या लग्नाची आहेराची वही अजून आहे. कुणी किती दिले, कुणी पातळ, कुणी चांदीची वाटी, दोनशे-सव्वादोनशे नावं, आईच्या हातची. मी दुसऱ्या दिवशी ती काढून बघितली. शेवटच्या पानावर खर्चाची यादी आहे: मांडव, आचारी, बँड, टांगे. आणि काकांच्या अक्षरात एक ओळ, "बत्तीवाला – ५००". नाव नाही.

तो असेल तर आज साठीचा असेल. बँडची दुकानं जिथे होती तिथे मी दोनदा जाऊन आलो. त्या मालकाचं दुकान कधीच बंद झालंय, मुलं दुसऱ्या गावी गेली म्हणतात. लष्करातल्या जुन्या मंडळींपैकी कुणाला १९७८ सालचा, उजवा डोळा गेलेला, गॅसबत्तीवाला कुणी आठवत असेल, तर मला कळवा. काय बोलणार त्याच्याशी, ते अजून ठरवलेलं नाही. आधी नाव विचारीन.

आणि या लग्नसराईत कुणी "एकच बार" म्हणालं, तर त्याला हे वाचायला द्या.